मेडिकलचा आठवडा

पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर २ मध्ये, कोणाच्या घरी मेडिकल आलंय, हे कधी विचारावं लागलं नाही. एरवी नाइट शिफ्ट करून आला की दुपारपर्यंत लोळणारा माणूस एकदम पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून सकाळी मैदानाला फेऱ्या मारताना दिसला, की समजायचं. गेटपाशी दुधासाठी उभे असलेले लोक त्याला सोडायचे नाहीत. "क्या भैया, मेडिकल आ गया क्या?" तोही लाजून हसायचा, पोट आत ओढायचा आणि पुढच्या फेरीला लागायचा. बूट वर्षभर पलंगाखाली पडलेले, त्यामुळे पहिल्या दिवशी टाचेला फोड ठरलेला.

प्लांटमध्ये गरम जागी काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. वजन, साखर, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे बीपी. बीपी वर निघालं की माणूस अनफिट. मग त्याला भट्टीवरून काढून कुठेतरी स्टोअरमध्ये सुटे भाग मोजायला बसवणार. पगाराला थोडी कात्री लागायची, पण त्याचं एवढं दुःख नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्टरला कळायचं, हे खरं दुःख. आमच्याकडे 'अनफिट' ही शिवी होती. भांडणात बायका एकमेकींना ऐकवायच्या, "तुमच्या अनफिटले सांभाळा आधी."

आमचे हे कधी अनफिट झाले नाहीत. एकदाही नाही. आणि त्याचं सगळं श्रेय मी घेत असे, कारण मेडिकलचा आठवडा पार पाडण्यात माझा हात धरणारी सेक्टरमध्ये कोणी नव्हती. तारीख कळली की मी कामाला लागायची. मिठाचा डबा फळीवर सगळ्यात वर जायचा. लोणच्याची बरणी, पापड, सांडगे, कुरड्या लोखंडी पेटीत. सकाळी दुधी भोपळ्याचा रस, दुपारी अळणी वरण, चिरलेली काकडी, जवसाची बिनमिठाची चटणी, दोन पोळ्या. खर्रा बंद. खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला ऐवज, आमच्या नागपूरकडच्या माणसांचा जीव की प्राण. त्या आठवड्यात मी यांचे खिसे तपासायची. कोणा सोबत्याशी बोलून नाइट शिफ्ट बदलून घ्यायला लावायची, म्हणजे झोप पुरी व्हायची. पहाटे मीच उठवून मैदानावर पिटाळायची. शेजारणी येऊन विचारायच्या, "वो, तुमी दुधी किसून देता का मिक्सरमंधून काढून?" मी मोठ्या डॉक्टरीणबाईच्या थाटात सांगायची.

आणि बीपी उतरायचं! हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. ते खोटं नव्हतं, यंत्राला फसवणं नव्हतं. खरोखर उतरायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी यांच्या डोळ्यांखालची सूज ओसरायची. बोटातली अंगठी सैल व्हायची. घोरणं कमी व्हायचं. आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर होतं. एरवी जिन्याच्या वळणावर हे उगाच कोणाशी तरी बोलायला थांबायचे, त्या आठवड्यात न थांबता वर यायचे. मी हे सगळं बघत होते. एका माणसाचं शरीर दरवर्षी माझ्यासमोर मला उत्तर सांगत होतं आणि मी म्हणत होते, चला, पास होणार यंदाही.

पास झाले की त्याच संध्याकाळी मटण. लाल तर्रीचं, वर बोटभर तेल, सोबत मिरचीचे भजे आणि तळलेले पापड. फळीवरचा मिठाचा डबा खाली. बूट पलंगाखाली. खर्ऱ्याची पुडी खिशात. ये रे माझ्या मागल्या.

आता मिठाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

मी लग्न होऊन भंडाऱ्याकडच्या खेड्यातून इथे आले तेव्हा माझा हात मिठाला हलका होता. शेजारी एक वयस्क वहिनी राहायच्या, त्यांचे मालकही भट्टीवरच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी डाळ चाखली आणि तोंड वाकडं केलं. "अवो बाई, ही त ऑफिसातल्या बाबूची डाळ होय. भट्टीवरच्या माणसाले अशी डाळ देशीन त चक्कर येऊन पडन थो. त्याचं सारं मीठ घामात जाते. एक चिमूट जास्त टाकत जाय." हा तिथला नियमच होता. सासूकडून सुनेकडे आणि शेजारणीकडून नवरीकडे तो चालत आलेला. मी का शंका घेऊ? यांचा निळा शर्ट ड्यूटीवरून यायचा तेव्हा पाठीवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या. घाम वाळून मीठ वर आलेलं. शर्ट बादलीत टाकण्याआधी झटकला तर पापडासारखा कडक. मीठ जातंय हे डोळ्यांनी दिसत होतं, मग ते भरून द्यायला नको? मी भरून दिलं. डाळीत एक चिमूट जास्त, भाजीत एक चिमूट जास्त, ताटात डाव्या बाजूला वेगळं, दह्यावर, काकडीवर, टरबुजावरसुद्धा. उन्हाळ्यात सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला. त्यात मूठभर कांदा आणि मीठ. आमच्या घरी आलेला पाहुणा पहिल्या घासाला पाणी मागायचा आणि मला त्याचाही अभिमान वाटायचा. भट्टीवाल्याचं घर आहे, वाटलं पाहिजे ना!

पुढे यांना प्रमोशन मिळालं. भट्टीच्या तोंडावरून उठून हे काचेच्या केबिनमध्ये बसायला लागले. तिथे एसी. पडद्यावरचे आकडे बघायचे, बटणं दाबायची, फोनवर ओरडायचं. शर्ट कोरडे यायला लागले. मी किती खूश झाले होते! ब्रश घासून घासून माझ्या बोटांची सालं निघायची, ते संपलं. पाठीवर एक रेघ नाही, कॉलरला थोडा मळ तेवढा. मी ते शर्ट वर्षानुवर्षं हातात घेतले, धुतले, वाळत घातले, इस्त्री केले. घाम बंद झालाय हे माझ्याइतकं जगात कोणाला माहीत नव्हतं. डाळीतली ती जास्तीची चिमूट मात्र कोणी बंद केली नाही. कोणी म्हणजे मी.

खातं भट्टीचंच राहिल्यामुळे मेडिकल मात्र दरवर्षी होतंच. रिटायरमेंट जवळ आली होती तेव्हाचा एक आठवडा मला लख्ख आठवतो. हे फिट होऊन आले होते. मी गॅसवर मटण चढवलं होतं आणि वाटण परतत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. यांना जास्त बोलायची सवय नव्हती. दारात उभे राहिले म्हणजे काहीतरी हवं असणार.

"अवो," म्हणाले, "हेच चालू ठेव ना आता. या आठवड्यातलं. हलकं वाटून राहिलं मले."

मी हसले. चांगली मोठ्याने हसले. म्हणाले, "पेपर झाल्यावर कोणी अभ्यास करते का? जा, बसा. पापड तळून राहिली मी."

हेही हसले आणि जाऊन बसले. ताट आलं तसं जेवले. दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला हा किस्सा रंगवून सांगितला, की आमच्या म्हाताऱ्याला दुधीची गोडी लागली. दोघी पोट धरून हसलो.

मी का हसले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला कोणी वाईट म्हणू नये म्हणून कारणं शोधली. अळणी जेवण हे आजाऱ्याचं जेवण, धडधाकट माणसाला ते कसं वाढायचं, हे एक. पाहुणे काय म्हणतील, हे दुसरं. पण खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. तो आठवडा माझ्या जिवावर यायचा. मलाही तेच अळणी गिळावं लागायचं आणि मला चमचमीत हवं होतं. यांची चव सांभाळते असं म्हणत मी माझीच जीभ सांभाळत होते. माझ्या हातच्या जेवणाचं कौतुक होतं, ते मला सोडायचं नव्हतं. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यासाठी.

मग हे रिटायर झाले. क्वार्टर सुटलं. दुर्गला मोहन नगरात घर बांधून ठेवलं होतं, तिथे आलो. मुलगाही तोवर प्लांटमध्ये लागला होता, गरम पोलाद लाटतात त्या मिलमध्ये. तो तिथूनच मोटरसायकलने ड्यूटीला जायचा. सगळं छान जमून आलं होतं. यांना आता मेडिकल नव्हतं, म्हणून घरात मेडिकलचा आठवडाही नव्हता. वर्षातून निदान एकदा त्या शरीराला सुट्टी मिळायची, तीही मी काढून घेतली. मिठाचा डबा त्यानंतर फळीवर कधी वर गेला नाही. कोणी तपासणारं नाही म्हटल्यावर कशाला?

मे महिना होता. सकाळी हे कूलरमध्ये पाणी भरत होते. अर्धी बादली ओतली आणि खुर्चीवर येऊन बसले. म्हणाले, छातीत कसंतरी जड जड होऊन राहिलं. आदल्या रात्री मी वडा-भात केला होता, वरून मिरची घातलेलं कढत तेल. मला वाटलं गॅस झाला. मी ओवा आणि काळं मीठ हातावर मळलं आणि यांना खायला दिलं. यांनी ते निमूट तोंडात टाकलं, वर पाणी प्यायले. थोड्या वेळाने यांचा शर्ट घामाने भिजलेला दिसला. इतक्या वर्षांनी तो तसा भिजलेला शर्ट बघितला आणि मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. मुलगा फर्स्ट शिफ्टला गेलेला. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "बीपीची गोळी चालू होती का?" मी म्हणाले, "नाही हो. आमचे हे दरवर्षी फिट होते प्लांटमध्ये." त्या वेळीसुद्धा मी हे ताठ मानेनं सांगितलं. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. तो माझा स्वर आजही कानात वाजला की मला तोंड लपवावंसं वाटतं.

तेरवीपर्यंत माणसं येत राहिली. सगळ्यांचं म्हणणं एकच. पुरुष कुठे ऐकतात? खर्रा सोडला नाही ना शेवटपर्यंत? तिखट-मीठ लागायचंच त्यांना. नणंद म्हणाली, "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाई, वहिनी. तुमी तरी का करसान?" मी मान हलवली. पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. जो माणूस हातातली बादली खाली ठेवून निघून गेला, त्याच्यावरच मी सगळं ढकलू दिलं. खर्रा त्यांचा होता, हे खरं. जागरणं प्लांटची होती, हेही खरं. मी मनात वाटण्या करून बघितल्या, याचं इतकं, त्याचं इतकं. पण खर्रा सोडून द्यायला त्या आठवड्यात त्यांनी कधी कुरकुर केली नव्हती. पथ्य करायला लावणारी मीच होते आणि आठवडा संपला की ते मोडणारीही मीच.

पुढच्या वर्षी माझंच डोकं दुखायला लागलं. सून मला दवाखान्यात घेऊन गेली. सून दुर्गच्याच रेल्वेवाल्यांच्या घरची, नागपूरकडची मराठी. पोरगी शांत, पण डोळे उघडे ठेवणारी. माझं बीपी चांगलंच वर निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, रोज न चुकता घ्या, आणि गोळीवर सगळं सोडू नका. मीठ कमी करा, तळलेलं कमी करा, सकाळी चाला, झोप पुरी घ्या. माझाच आठवडा तो माणूस मला परत सांगत होता. बारा महिने करायचा म्हणे. मी रस्त्यात रिक्षा थांबवून रडले. सुनेला वाटलं, मी बीपीला घाबरले.

मी माझी गोळी मात्र रोज वेळेवर घेते. मीठही सोडलं. माझ्यासाठी मला जमलं, बघा.

मुलगा वेगळं जेवायचा. त्याचा बाप गेला तरी त्याच्या ताटात डाव्या बाजूला मीठ होतंच, कारण त्याला लहानपणापासून मीच ती सवय लावलेली. दोघी मिळून कमी करायचो, तो वरून घ्यायचा. शिफ्टवर समोसे, वाटेत खर्रा. मग गेल्या हिवाळ्यात एक दिवस तो ड्यूटीवरून आला आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसला. लाडात आला की हिंदीत सुरू होतो.

"मम्मी, अगले हफ्ते मेडिकल है. थे बाबाचं जेवण बनवून देशीन ना? दुधी-वुधी. तू त एक्स्पर्ट होय यार."

मी म्हटलं, "कावून? तुले का झालं?"

"काही नाही वो. सगळेच करतात."

तो अंघोळीला गेल्यावर सून आत आली. हळूच म्हणाली, "आई, त्यायनं मेडिकल स्टोअरवर मोजलं होतं. खूप वर होतं. मले सांगू नको म्हणे तुमाले."

त्या दिवशी दुपारभर मी अंगणात बसून राहिले. करणार नाही म्हणावं, तर तो कोणाकडून तरी करून घेणार, नाहीतर कोणाची तरी गोळी दोन दिवस गिळून जाणार. तसंही करतात. करते म्हणावं, तर मी परत तेच पाप करायला बसले. शेवटी मी हो म्हटलं. दुधीचा रस काढला, अळणी वरण केलं, पहाटे त्याला उठवलं. पाचव्या दिवशी त्याच्या डोळ्यांखालची सूज उतरली. मला ओळखीची होती ती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

तो फिट झाला. संध्याकाळी शिट्टी वाजवत आला, हातात मटणाची पिशवी. सुनेने ती फ्रीजमध्ये ठेवली, कारण मी तिला तसं सांगितलं होतं. ताट वाढलं. तेच वरण, तीच दुधीची भाजी, काकडी, दोन पोळ्या.

तो ताटाकडे बघत राहिला. "आई, हे काय? मेडिकल झालं ना!"

"तुहं झालं. माहं नाही झालं."

"मजाक नको करू यार. भूक लागली."

"मजाक नाही. आता हेच राहीन. अन् उद्या दवाखान्यात जायाचं. आधीचं खरं बीपी सांगायचं, गोळी सुरू करायची."

त्याने ताट पुढे सरकवलं. वाटी कलंडली, वरण ताटभर झालं. आवाज चढला त्याचा. "बाबाले त तू कधी असं नाही केलं. जिंदगीभर मस्त खाऊ घातलं. मलेच कावून? बाबानं कधी मांगितलं का तुले असं बेचव?"

मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही. मुलाच्या मनात मी बापाची सेवा केलेली बाई होते, आणि माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. पण त्याने विचारलं होतं.

"हाव," मी म्हटलं. "मांगितलं होतं."

त्याने कलंडलेली वाटी सरळ केली.

"तुह्या बाबानं मांगितलं होतं हेच जेवण. मेडिकल झाल्यावर. हलकं वाटून राहिलं म्हणे, चालू ठेव."

"मग?"

"मग मी हासली."

सून हातात डाव धरून तशीच उभी. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याने अगदी हळू विचारलं, "एकदाच मांगितलं?"

"एकदाच. असं हासल्यावर दुसऱ्यांदा कोण मांगते, बाबू?"

त्याने ताट ओढून घेतलं, सांडलेल्या वरणात पोळी बुडवली आणि खाली मान घालून जेवला. सगळं जेवला. हात धुतले आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेला. मटण सुनेने दुसऱ्या दिवशी शेजारी देऊन टाकलं.

त्याने गोळी सुरू केली आहे, असं सून सांगते. तो मला सांगत नाही. ड्यूटीवरून आला की पूर्वी दारातूनच "आई" म्हणून ओरडायचा, आता थेट आत जातो. ताटात वाढलेलं मुकाट्याने खातो, अगदी त्याच्या बापासारखं. मी समोर बसलेली असते. तो कधी तरी मान वर करून एखादा शब्द बोलेल म्हणून वाट बघते, आणि रोज त्याच्या वरणात मीठ कमीच घालते.